मदत हवी आहे : फीडमधून कांद्याच्या बातम्या निसटू नयेत यासाठी काय करावे?

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात कांदा पिकवतो. ८ डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीसारखा निर्णय झाला की लासलगावचे भाव तासाभरात बदलतात. म्हणूनच बाजारभाव, हवामान आणि निर्यातधोरणाच्या बातम्या वेळच्या वेळी मिळाव्यात यासाठी मी आरएसएस फीड (संकेतस्थळावरील नव्या बातम्यांची आपोआप अद्ययावत होणारी यादी) वापरतो. बातम्या प्रकाशनाच्या क्रमाने येतात, ही सोय मला फार मोलाची वाटते.

अडचण अशी, की फीडच्या एक्सएमएल फाइलमध्ये सहसा अलीकडच्या मोजक्याच नोंदी ठेवलेल्या असतात, आणि दिवसभर भराभर बातम्या देणाऱ्या संकेतस्थळांच्या बाबतीत रीडरने (फीड तपासून बातम्या दाखवणाऱ्या ॲपने) पुन्हा तपासणी करण्याआधीच सकाळच्या नोंदी त्यातून निघून गेलेल्या असतात. दर पंधरा मिनिटांनी फीड तपासणारा, शक्यतो मोफत, रीडर कोणी वापरत आहे का? संगणक बंद असतानाही त्याचे काम चालू राहायला हवे.

दुसरे म्हणजे, रीडरमध्ये ‘कांदा’ या शब्दाची चाळणी (फिल्टर) लावली, तर ‘कांद्याला’, ‘कांद्याचे’ असे शब्द असलेल्या बातम्या गळतात, आणि नुसते ‘कांद’ चालेल का, हे रीडर अर्धा शब्द जुळवतो की नाही यावर अवलंबून आहे. मराठी मजकुरावर ही चाळणी नीट चालवणाऱ्यांनी आपली मांडणी कृपया सविस्तर सांगावी.