रहस्यकादंबरीवर प्रतिक्रिया लिहायची आहे, पण सगळा सारांशच होतोय

खाडीपलीकडे (प्रश्न)

नमस्कार. मी नववीत आहे, दाभोळ खाडीजवळच्या गावात. गणपतीच्या सुट्टीत एक रहस्यकादंबरी वाचायची आहे. वाचता वाचता पाच ठिकाणी थांबून प्रत्येक वेळी १२० ते १५० शब्दांची प्रतिक्रिया लिहायची, आणि शेवटी ३०० शब्दांचा समारोप. मी आर्थर कॉनन डॉयल यांच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’चा मराठी अनुवाद घेतला आहे. पाच प्रकरणं झाली. पुढचं कृपया सांगू नका.

पहिली प्रतिक्रिया बाईंनी परत दिली. ‘ही गोष्ट आहे, प्रतिक्रिया नाही’ असा शेरा आहे. मी असं लिहिलं होतं:

«सर हेन्री लंडनच्या हॉटेलात उतरतो. त्याचा एक नवा तपकिरी बूट चोरीला जातो. नंतर जुना काळा बूटही जातो आणि नवा परत सापडतो. होम्सला हे विचित्र वाटतं. पुढे काय होईल याची उत्सुकता वाटते.»

यात नक्की काय चुकलं? आणि पाच थांबे कुठे घ्यायचे?

---

शाईची दौत

बाईंचा शेरा बरोबर आहे. तपासायची सोपी रीत सांगतो. प्रत्येक वाक्याच्या क्रियापदाखाली रेघ मार आणि ती क्रिया कोण करतंय ते बघ. उतरतो कोण? बास्करव्हिल वाड्याचा नवा वारस सर हेन्री. विचित्र कोणाला वाटतं? होम्सला. पाच वाक्यांत तू एकदाच येतेस, तीही ‘उत्सुकता वाटते’ एवढीच. हे वाक्य कुठल्याही पुस्तकाखाली लिहिता येतं, म्हणून त्याला गुण मिळत नाहीत.

प्रमाण असं ठेव: १२० शब्दांपैकी घटनेला फार तर ३०. उरलेले ९० शब्द तुझ्या डोक्यात काय चाललं होतं त्याला. तोच बूट घेऊन लिहून दाखवतो:

«पहिला बूट नवा, एकदाही पायात न घातलेला. तो परत मिळाला आणि जुना गेला. चोराला किंमत हवी असती तर त्याने नवाच ठेवला असता. म्हणजे बुटापेक्षा बुटाच्या जुनेपणाशी त्याचं काम आहे. जुन्या बुटात असं काय असतं जे नव्यात नसतं? मला आधी तळाला लागलेली माती आठवली, पण काळा बूट लंडनमध्येच वापरात होता असं वाटतं, मग ती माती कोणाला कशाला हवी? हा अंदाज मला पटत नाही, तरी तूर्त दुसरा सुचत नाही. खात्री: पाचपैकी दोन.»

हे माझं उत्तर म्हणून उतरवू नकोस, तुझा अंदाज वेगळा असू शकतो. त्याची बांधणी बघ: खूण, तिच्यातली विसंगती, त्यावरून अंदाज, अंदाजावरचा आक्षेप, किती खात्री. यातला आक्षेप मुलं हमखास गाळतात आणि प्रतिक्रियेचा जीव तिथेच असतो.

वहीची समोरासमोरची दोन पानं वापर. डावीकडे प्रकरणाचा आकडा आणि दिसलेली खूण, एका ओळीत. उजवीकडे तुझा विचार. उजवं पान पेनानेच लिही. पेन्सिलने लिहिलं की अंदाज चुकल्यावर खोडायचा मोह होतो, आणि मग सगळ्या नोंदी आधीच शहाण्या झालेल्या दिसतात. तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

थांब्यांबद्दल. मूळ पुस्तकात १५ प्रकरणं आहेत. ही कादंबरी ‘स्ट्रँड’ मासिकात ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ अशी हप्त्यांनी आली. तेव्हाच्या वाचकाला पुढच्या हप्त्यासाठी महिनाभर थांबावं लागायचं, त्यामुळे थांबण्याजोग्या जागा लेखकाने स्वतःच ठेवल्या आहेत. तुझ्यासाठी: दुसऱ्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य, पाचव्याचा शेवट (तू आत्ता तिथेच आहेस), नवव्याचा शेवट, अकराव्याची शेवटची ओळ, आणि चौदावं संपल्यावर पंधरावं उघडण्याआधी. हा शेवटचा थांबा चुकवू नकोस. पंधराव्यात सगळा उलगडा एकत्र येतो, आणि तो वाचल्यावर तुला आधी काय कळलं होतं ते आठवणं कठीण जातं.

---

वेंगुर्ल्याचो

दौतवाले सर बरोबर सांगतत. एकच जोड देतंय गो: अंदाज चुकलो तरी खोडू नको. तेच्या बाजूक तारीख घाल आणि फुडे वाच. मागसून ‘हयसर माजो अंदाज बदललो, कारण अमुक’ असा लिवलंस की तीच तुजी प्रतिक्रिया.

---

कपाट क्रमांक सात

वाचनालयाच्या बाजूने दोन-तीन गोष्टी.

आधी तुमचा अनुवाद पूर्ण आहे की संक्षिप्त ते बघा. अनुक्रमणिकेत १५ पेक्षा कमी प्रकरणं असतील किंवा पुस्तक शंभर पानांच्या आत असेल तर ते संक्षिप्त आहे. संक्षेप करताना पहिली कात्री लागते ती ‘बिनकामाच्या’ तपशिलावर, आणि रहस्यकथेत खुणा तिथेच लपवलेल्या असतात. अशा प्रतीवरून ‘लेखकाने खूण दिलीच नाही’ असं लिहिलंत तर तो दोष कदाचित लेखकाचा नसेल. मूळ इंग्रजी मजकूर प्रताधिकारमुक्त आहे, फुकट मिळतो. शंका आली तर तेवढं पान ताडून बघा. गावात पूर्ण अनुवाद नसेल तर रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयात चौकशी करा. १८२८ पासूनचं वाचनालय आहे, जुने अनुवाद मिळण्याची शक्यता तिथे जास्त.

आणि कळकळीची विनंती: ग्रंथालयाच्या प्रतीत रेघा मारू नका, पुढच्या वाचकाला उत्तर आयतं मिळतं. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्याही नकोत. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांचा गोंद पानाला धरून बसतो आणि काढताना अक्षर घेऊन येतो. वहीच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा, टोकावर खुणेचा क्रमांक लिहा आणि पानात नुसत्या सरकवा.

---

खाडीपलीकडे

सगळ्यांचे आभार. पण एक घोळ झाला. काल लाइट गेली होती, बॅटरीच्या उजेडात सहावं प्रकरण सुरू केलं आणि थांबवेचना. पूर्ण पुस्तक संपलं. आता तीन थांबे राहिलेत आणि मला गुन्हेगार माहीत आहे. माहीत नाही असं दाखवून लिहू का?

---

शाईची दौत

नको. कळलेल्या माणसाने न कळल्याचं सोंग आणलं की अंदाज फार नेमके किंवा फार बावळट होतात. वहीत सरळ लिही: ‘सहा ते पंधरा प्रकरणं एका बैठकीत वाचली. पुढच्या तीन नोंदी दुसऱ्या वाचनाच्या आहेत.’ बाईंनाही आधी सांग. दुसऱ्या वाचनाची प्रतिक्रिया हलकी नसते, फक्त तिचा प्रश्न बदलतो. पहिल्या वेळी विचारायचं, कोणी केलं? दुसऱ्या वेळी, माझ्यापासून हे लपवलं कसं?

पहिल्या प्रकरणापासून सुरू कर. होम्सकडे आलेला डॉ. मॉर्टिमर काठी विसरून जातो, होम्सचा मित्र आणि गोष्ट सांगणारा वॉटसन ती पाहून अनुमानं काढतो. काठीवरच्या ‘सी. सी. एच.’ या अक्षरांतला ‘एच’ म्हणजे शिकारी मंडळ असं त्याला वाटतं. होम्स सांगतो की ते चेरिंग क्रॉस हॉस्पिटल, आणि तुझी बहुतेक अनुमानं चुकली आहेत. पहिल्या वाचनात हा गमतीचा प्रसंग वाटतो. खरं तर लेखक तिथे वाचकाला पुस्तक कसं वाचायचं ते शिकवतोय: वॉटसनचे डोळे खरे, निष्कर्ष कच्चे.

आता सहाव्या प्रकरणाची सुरुवात काढ. वॉटसनला इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावरच्या बास्करव्हिल वाड्यात पाठवताना होम्स त्याला बजावतो की तू फक्त घटना कळव, तर्क माझ्यावर सोड. आठव्या आणि नवव्या प्रकरणांत वॉटसनची पत्रं आहेत, दहाव्यात त्याची रोजनिशी. या तीन प्रकरणांतला वॉटसनचा एकेक परिच्छेद घे आणि डाव्या पानावर दोन रकाने कर: ‘वॉटसनने पाहिलं’ आणि ‘वॉटसनला वाटलं’. रात्री वाड्यात बाईचं रडणं ऐकू येतं, नोकर मेणबत्ती घेऊन खिडकीशी उभा राहतो. हे पाहिलेलं आणि ऐकलेलं. त्यावरून नोकराबद्दल वॉटसनने धरलेला संशय, हे वाटलेलं. मग उजव्या पानावर तू पहिल्या वाचनात कुठल्या रकान्यावर विश्वास ठेवलास ते लिही. बहुतेक वाचक दुसऱ्यावर ठेवतात, कारण तो माणूस प्रामाणिक आहे. प्रामाणिक माणूस चुकीचा असू शकतो हे आपण विसरतो, आणि लेखकाचा सगळा डाव त्यावर उभा आहे. तीन नोंदींचं साहित्य इथे आहे.

---

सड्यावरचा पाऊस

जागेबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. कोकणातल्या मुलीने या पुस्तकावर लिहावं आणि सड्याचा (आपल्या उघड्या कातळी पठाराचा) उल्लेख येऊ नये, हे बरं नाही.

डार्टमूरचं ‘मूर’ म्हणजे उघडं, झाडं नसलेलं, वारा खाणारं माळरान. अनुवादात ‘पठार’, ‘दलदल’ असं काहीही आलेलं असतं. वाचताना तुझ्या डोळ्यांपुढे आपला सडा आला असेल तर तसं लिही, पण पुढे कुठे जुळत नाही तेही लिही. सडा जांभ्याचा, डार्टमूर ग्रॅनाइटचं. सड्यावर पावसाळ्यात गवत आणि डबकी, मार्चमध्ये पाय भाजतात. डार्टमूरला पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थराची, दलदल आहे, वर शेवाळाचा हिरवा गालिचा आणि खाली पाणी. पुस्तकात घोडं बुडतं ते अशा जागी. तू खाजणातल्या चिखलाशी तुलना करशील, पण खाजणाला भरती-ओहोटीचं वेळापत्रक आहे, दिवसातून दोनदा ते आपलं रूप बदलतं. ती दलदल वेळ सांगत नाही, तिथली वाट माहीत असणाऱ्यालाच कळते. कथेला हाच फरक उपयोगी पडतो. असा फरक दाखवलास की तुलना नुसती सजावट राहत नाही.

शापाचंही तसंच. वाड्यावरचा शाप सांगणारं हस्तलिखित १७४२ चं आहे. राखणदार, देवचार, गिऱ्हा यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या वाचकाला ते वाचताना काय होतं? कितव्या प्रकरणापर्यंत तू ‘खरंच भूत असेल’ हा पर्याय उघडा ठेवलास, आणि कुठल्या खुणेने तो बंद झाला? बूट गेला तेव्हाच बंद व्हायला हवा होता, भुताला बूट लागत नाही. इथे ‘अंधश्रद्धा वाईट असते’ हा परिच्छेद घालू नकोस. तो निबंध होतो.

एक प्रयोग सांगते. वाड्याचा आधीचा मालक सर चार्ल्स मेला तेव्हाच्या त्याच्या पावलांबद्दल असं आलंय की एका फाटकापुढे तो जणू चवड्यांवर चालत गेला. होम्स म्हणतो, तो पळत होता. ओहोटीला पुळणीवर जा, पाणी नुकतं उतरलेल्या ओल्या पट्ट्यावर (पाण्यात उतरू नकोस, भाद्रपदातही समुद्र खवळलेला असतो). वीस पावलं नेहमीसारखी चाल, वीस चवड्यांवर, वीस जोरात पळत. दोन ठशांमधलं अंतर पट्टीने मोज. चवड्यांवर चालताना आणि जोरात पळताना, दोन्हीकडे टाच पुसट उठते. पण चवड्यांवर पावलं जवळ पडतात, पळताना लांब, आणि पळताना चवड्यामागे वाळूचा छोटा ढीग सरकलेला दिसतो. म्हणजे नुसत्या ठशाच्या आकारावरून ठरत नाही, अंतर लागतं. ते अंतर पुस्तकात कोणी सांगितलंय का? शोध. नसेल तर ती तुझी शंका, प्रकरणाच्या आकड्यासकट.

---

खाडीपलीकडे

हे उद्या ओहोटीला करते. शेवटचा प्रश्न, समारोपाचा. पंधरावं प्रकरण वाचून मला राग आला. होम्स म्हणतो की सर हेन्रीला लंडनमध्ये आलेल्या, वर्तमानपत्रातले शब्द कापून चिकटवलेल्या निनावी पत्राला पांढऱ्या जाईसारख्या अत्तराचा मंद वास येत होता, त्यावरून त्याला बाईचा संशय आला. मला हा वास आधी कुठेच वाचल्याचं आठवत नाही. पण एवढ्या मोठ्या लेखकाबद्दल अशी तक्रार लिहिली तर चालेल का?

---

शाईची दौत

चालेल. आतापर्यंतची तुझी सगळ्यात चांगली प्रतिक्रिया हीच आहे. समारोप तिच्यावरच बांध. पण गाऱ्हाणं घालायचं तर पुराव्यासकट. चौथं प्रकरण काढ. पत्र हातात आल्यावर होम्स काय करतो आणि काय बोलतो, ते शब्द न शब्द उतरव. मग पंधराव्यातलं वाक्य त्याच्याखाली लिही. दोन्हींची तुलना कर आणि निकाल दे: लेखकाने खूण अर्धी दाखवली, पूर्ण लपवली, की तुझ्या नजरेतून सुटली?

३०० शब्दांत दुसरी बाजूही हवी. बूट, पावलं, वॉटसनची पत्रं या खुणा लेखकाने उघड्यावर ठेवल्या होत्या. त्यांच्यासाठी १०० शब्द, वासासाठी १५०, आणि उरलेल्या ५० मध्ये तू कुठल्या प्रकरणात पहिल्यांदा खऱ्या माणसावर संशय घेतलास ते. घेतलाच नसेल तर तसं लिही.

---

खाडीपलीकडे

चौथं प्रकरण काढलं. होम्स कागद डोळ्यांपासून इंच-दोन इंचांवर धरतो. काय दिसलं असं विचारल्यावर म्हणतो, ‘काही नाही’, आणि कागद टाकून देतो. कोरा अर्धा ताव आहे, जलचिन्हसुद्धा नाही, एवढंच सांगतो.

म्हणजे नाकाजवळ धरला होता. वास आलाच असणार, आणि त्याने सांगितलं नाही. अर्धी दाखवली असं लिहिते.