सेन्सरचं रीडिंग क्लॅम्प करायचं (मर्यादेबाहेर गेलं की मर्यादेवरच आणून बसवायचं) की सरळ एरर द्यायचा? (कूलरच्या कोडवरून पेटलेला वाद)

वर्धारोडवाला:
मित्राने घरच्या कूलरला आर्डुइनो उनो (छोटं कंट्रोलर बोर्ड) लावला, 30 अंशाला पंखा बंद अन् 45 ला फुल, मधलं सगळं मॅप फंक्शनने 0 ते 255 च्या स्पीडमध्ये बसवलं. मस्त चालून राहिलं होतं, पण पारा 46 वर गेला अन् पंखा ढिम्म! मॅप रेंजच्या बाहेरचं काही अडवत नाही ना, 46 ला त्याने दिले 272, स्पीडचं रजिस्टर आठ बिटचं, 255 च्या वर मावत नाही, 256 गळून उरले 16. ऐन नवतपात कूलर झोपला. एक कन्स्ट्रेन, म्हणजे क्लॅम्प करणारं फंक्शन, टाकलं की विषय खतम. म्हणून माझं म्हणणं, बाहेरून येणारा प्रत्येक आकडा आधी क्लॅम्प करा मग पुढचं बोला. एरर फेकून प्रोग्रॅम बंद पाडा म्हणणारे मेच्या दुपारी एसीत बसलेले असतात.

हिंगणा_टी_पॉइंट:
पंख्याला जाणारा आकडा क्लॅम्प कर, कोण नाही म्हणते. सेन्सरकडून येणारा कायले करून राहिला? डीएस18बी20 या तापमानाच्या सेन्सरची वायर सुटली की त्याची लायब्ररी -127 देते. तू त्याला उचलून 30 वर बसवलं की पंखा बंद अन् स्क्रीनवर 30 अंश, जसं काही चिखलदऱ्याला बसलो आहे. घरचे घामाने निथळून राहिले अन् कोडच्या मते सगळं ओके.

वर्धारोडवाला:
मग -127 साठी एक इफ टाकू ना बे, त्यात क्लॅम्पचा काय गुन्हा?

हिंगणा_टी_पॉइंट:
एकच इफ? पॉवर आल्या आल्या मोजणी व्हायच्या आधी वाचलं तर तोच सेन्सर 85 देते, तोही टाक. अन् 2024 चा मे संपता संपता काय झालं आठव. नागपूरच्या रामदासपेठेत पीडीकेव्हीच्या (कृषी विद्यापीठाच्या) शेतातल्या ऑटोमॅटिक हवामान स्टेशनने 56 दाखवले, देशभर बातमी झाली, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला. 56 होते म्हणून तरी शंका आली. तिथे कोणी 48 वर क्लॅम्प लावला असता तर आकडा गुपचूप रेकॉर्डमध्ये जाऊन बसला असता, कारण नागपुरात 48 कोणाला खोटं वाटते?

मानेवाडा_बॅकएंड:
हिंगण्याला माझं मत. मायएसक्यूएल डेटाबेस आधी हेच करायचं, टायनीइंटमध्ये (127 पर्यंतच मावणाऱ्या कॉलममध्ये) 300 टाका, ते 127 ठेवून एक वॉर्निंग द्यायचं अन् मोकळं, अन् ती वॉर्निंग वाचते कोण. 5.7 व्हर्जनपासून स्ट्रिक्ट मोड (असा आकडा आला की सरळ एरर) डिफॉल्ट झाला तेव्हा रडारड झाली, पण बरंच झालं.

बर्डी_फ्रंटएंड:
तुम्ही लोक सगळीकडे डेटाबेसच पाहता. युजरने स्लायडर ओढताना बोट बाहेर नेलं तर काय एरर दाखवू? तिथे क्लॅम्पच पाहिजे. फक्त हाताने लिहू नका, वरच्या मर्यादेला मिन अन् खालच्याला मॅक्स लागते, तिथेच गफलत होते. बाहेरच्या मिनमध्ये 0 अन् आतल्या मॅक्समध्ये 100 लिहिलं की काहीही द्या, उत्तर शून्यच. तयार फंक्शन वापरा, पण मर्यादा उलट्या दिल्या तर काय होते ते बघून, रस्ट पॅनिक करते म्हणजे प्रोग्रॅम थांबवते, जावा 21 एक्सेप्शन फेकते, सी++17 मध्ये अनडिफाइन्ड म्हणजे काय होईल याचा नेम नाही, सीएसएसमध्ये मिन म्हणून दिलेली मर्यादा जिंकते. अन् नॅन (‘हा आकडाच नाही’ सांगणारी व्हॅल्यू) आला तर मिन-मॅक्स लावूनही जावास्क्रिप्टमध्ये नॅनच बाहेर येते, तो कोणाच्या बापाला ऐकत नाही.

वर्धारोडवाला:
बरं, पंख्यावरचा क्लॅम्प मी काढणार नाही, सांगून ठेवतो. -127 किंवा 85 आला तर आधीचं चांगलं रीडिंग धरून चालतो. आता तर ठीक ना?

हिंगणा_टी_पॉइंट:
किती वेळ धरशील? अर्धा तास जुनं रीडिंग म्हणजेही खोटंच ना. दहा सेकंद वाट पाहा, मग पंखा फुल कर अन् लाल एलईडी लाव. लॉगमध्ये मात्र जसा आला तसाच आकडा लिही, -127 तर -127.