हरणाच्या केसांची फ्लाय: दोरा कोणता घ्यावा?

गळवाला_नागपूर
मरळीसाठी 1/0 नंबरच्या गळावर केसांचा बेडूक, म्हणजे फ्लाय (गळावर बांधलेलं खोटं आमिष) बांधतोय. केस व्हाइट-टेल हरणाचे, विकतचे. 70 डेनिअरचा नायलॉन आवळला की तुटतो. इतवारीत जाळी विणायच्या सुताच्या रिळावर 210डी/2 लिहिलेलं दिसलं. फ्लायचा दोराही 210 डेनिअरमध्ये येतो, मग हेच सूत चालेल का? की जीएसपीच (जेल-स्पन पॉलिएथिलीनचा दोरा) घ्यावा?

पाणकावळा
जाळ्याचं सूत नको भाऊ. 210डी/2 म्हणजे 210 डेनिअरचे दोन पदर एकत्र पिळलेले, म्हणजे 420 च्या घरात. (9000 मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर.) जाडीपेक्षा पीळ जास्त नडतो. पिळलेला दोरा गोलच राहतो, सगळा दाब एका रेषेत पडतो आणि केस फुलण्याऐवजी कापले जातात. फ्लायचा दोरा सपाट होतो. बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारं नळीचं हत्यार) लोंबकळत सोडा आणि वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, पीळ निघून तो फितीसारखा पसरतो.

1/0 ला मी 200 डेनिअरचा जीएसपी सुचवेन. 100 चाही तुटायचा नाही, पण बारीक असल्यामुळे जोर लावला की केसच कापतो. तो 6-8 नंबरच्या लहान गळांना ठेवा. नायलॉनच वापरायचा तर 210. तो ताणतो, त्यामुळे हाताला अंदाज येतो, नवशिक्याला ते बरं. केवलार सरळ टाळा.

जीएसपीच्या खोडीही ऐका. तो निसरडा असतो, म्हणून सुरुवातीच्या वेढ्यांना मेण लावा. साध्या कात्रीने नीट कापला जात नाही, दातेरी धारेची जुनी कात्री वेगळी ठेवा. बॉबिनची नळी सिरॅमिकची घ्या, धातूच्या नळीला तो खाच पाडतो. आणि लायटर जवळ नेऊ नका, पॉलिएथिलीन आहे ते, वितळतं.

महालकर
दोरा बदलूनही केस दांडीभोवती फिरले नाहीत तर दोष दांडीत शोधा. फिरवायचे असतील तर गळाची दांडी उघडी हवी; खाली दोऱ्याचा थर असला की केस तिथेच अडकतात. वर हिरवा, पोटाला पिवळा असा थरावर थर हवा असेल तर मात्र मुद्दाम दोऱ्याचा थर द्या आणि केस बोटांनी वरच्या वर धरून ठेवा.

पेन्सिलीएवढी जुडी घ्या. बारीक कंगव्याने मुळाकडची लोकर पूर्ण काढा, ती राहिली की केस फुलत नाहीत. टोकं कापून टाका. दोन वेढे सैल, तिसरा घेताना हळूहळू आवळत जुडी सोडून द्या. केस दांडीभोवती फिरले की त्यांच्यातूनच दोन-तीन वेढे नागमोडी काढा, मग केस मागे ओढून दोरा पुढे आणा. प्रत्येक जुडी मागच्या जुडीवर नखाने किंवा पॅकरने (केस दाबायचं हत्यार) घट्ट दाबा. इथे कंटाळा केला तर आकार द्यायला ब्लेड फिरवल्यावर भोकं दिसतात, मग काही करता येत नाही.

गळवाला_नागपूर
समजलं. विकतचे केस महाग पडतात. गावाकडे कुणी चितळाचे देतो म्हणतोय, घेऊ का?

महालकर
अजिबात नको. चितळ आणि सांबर दोन्ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि केसही त्यात मोजले जातात. रानात पडलेलेसुद्धा उचलू नका. विकतच्या पाकिटाचं बिल जपून ठेवा, त्यावर प्राण्याचं नाव असलेलं बरं. सराव करायचा असेल तर आखूड, हलक्या प्रतीच्या केसांवर करा, चांगले पोटाचे केस शेवटच्या फ्लायसाठी राखा.

पाणकावळा
एक राहिलं. जीएसपीवर नुसत्या वार्निशची गाठ सुटते. फ्लायचं डोकं बांधताना 140 च्या नायलॉनवर या, चार-पाच वेढ्यांची व्हिप फिनिश (दोऱ्याचं टोक वेढ्यांखाली अडकवणारी शेवटची गाठ) द्या आणि सुपरग्लूचा एक थेंब सुईच्या टोकाने सोडा. गळाच्या डोळ्यात (लाइन ओवायच्या भोकात) ग्लू गेला की लाइन ओवता येत नाही, म्हणून वाळण्याआधी गळाच्या त्या भोकातून सुई फिरवून घ्या.