'हकीकत' हा पराभवाचा सिनेमा आहे, त्यावर टाळ्या कशाला?

बाळीवेसकर
परवा आमच्या सोसायटीत पडदा लावून चेतन आनंदचा 'हकीकत' दाखवला. शेवटी लडाखच्या बर्फात जवानांची प्रेतं दिसतात आणि रफीच्या आवाजात 'कर चले हम फिदा' सुरू होतं. तेवढ्यात निम्मे लोक घोषणा देत, टाळ्या वाजवत उभे राहिले. मला ते सहन झालं नाही.

हा सिनेमा १९६४ चा, म्हणजे चीनशी झालेल्या युद्धानंतर जेमतेम दोन वर्षांनी आलेला. जखम ओली असताना स्वतःच्या हरण्यावर सिनेमा काढायला छाती लागते. त्यात कुणी ठाणं जिंकत नाही. तुकडी मागे हटत राहते. पहिली गोळी आपण झाडायची नाही हा हुकूम पाळताना माणसं मरतात. धर्मेंद्रचा कॅप्टन बहादूरसिंग मरतो, आणि जयंतने केलेला ब्रिगेडियर त्याचा बाप आहे. एवढं बघून झाल्यावर शिट्टी कशी निघते तोंडातून? १५ ऑगस्टला शाळेत याच गाण्यावर मुलांना झेंडे हलवत नाचवतात, तेही मला पटत नाही. ज्यांना आपण थंडीत, अपुऱ्या तयारीनिशी उभं केलं, त्यांच्या तोंडचं गाणं आहे ते.

होटगी रोड
दादा, मला अजिबात पटलं नाही. ते गाणं नुसतं रडायला लावत नाही. मरणारा जवान देश मागच्यांच्या हवाली करून जातो. कुणी असं काही सोपवलं तर आपण गप्प बसायचं का? उभं राहून 'हो' म्हणायचं, हाच त्याला मान. टाळी वाजवणाऱ्याला हरलो हे माहीत नसतं असं समजू नका. माझ्या वडिलांनी हा सिनेमा थिएटरात बघितला होता. ते रडलेही आणि घोषणाही दिल्या. दोन्ही खरं होतं.

बाळीवेसकर
तुमच्या वडिलांचं मी समजू शकतो, त्यांनी ते दिवस काढले होते. पण सोपवलेलं घ्यायचं तर आधी ऐकावं लागतं. 'होके मजबूर' हे त्याच सिनेमातलं गाणं. रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर, चौघांचे आवाज. मदनमोहनने त्यात किती जागा सोडल्यात! वेढ्यात अडकलेली पोरं घरची आठवण काढतात, आणि आपल्याकडं तेव्हा लोक मोबाईल बघत होते, कुणी चहा आणायला उठले. ते गाणं सोडायचं आणि शेवटच्याला तेवढं उभं राहायचं, याला मान म्हणवत नाही मला.

कन्ना चौक
मला तर दुसरंच खटकतं. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक हाय. सोलापूरचा माणूस १९३८ ला चीनमध्ये जखमी सैनिकांना बरं करायला गेला, १९४२ ला तिथंच मेला. शांतारामबापूंनी १९४६ ला त्यांच्यावर सिनेमा काढला, त्यात चिनी लोक रडत्यात, हसत्यात, संसार करत्यात. 'हकीकत'मध्ये चिनी म्हणजे नुसती चाल करून येणारी झुंड. आपल्या गावात तरी हे कुणाला तरी टोचायला पाहिजे की.

होटगी रोड
घरातली माणसं नुकतीच गेलेली असताना समोरच्याचा संसार कोण बघत बसणार? आणि कोटणीसांच्या सिनेमातली चिनी नायिका म्हणजे आपल्या जयश्रीबाईच. तो काळ मैत्रीचा होता, हा घावाचा.

अक्कलकोट रोड, माजी सैनिक
तुम्ही सगळे पराभव, पराभव म्हणताय. मला त्यावरच बोलायचंय. हा सिनेमा रेझांग ला या लडाखमधल्या खिंडीतल्या लढाईचा आहे असं मोबाईलवर सगळीकडं फिरतं. तो तसा नाही. १८ नोव्हेंबर १९६२ ला चुशूल गावाजवळ १३ कुमाऊं या पलटणीच्या चार्ली कंपनीत सुमारे १२० जवान होते, त्यातले शंभराहून जास्त तिथंच पडले. मेजर शैतानसिंग यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हिवाळा सरल्यावर प्रेतं सापडली ती खंदकातच, हातात हत्यारं तशीच. मागे हटणं नव्हतं. सिनेमात हटणं आहे, आणि मध्येच लडाखी मुलीचं प्रेम आहे. माझा राग त्यावर आहे. युद्ध हरलो हे खरं, पण त्या टेकडीवरची माणसं हरली असं मी कुणाला म्हणू देणार नाही.

बाळीवेसकर
साहेब, तुमचं मान्य. रेझांग लाचं नाव या सिनेमाला चिकटवू नये. पण त्याच युद्धात ज्यांना मागे फिरायचा हुकूम आला, तेही जवानच होते. बलराज साहनींचा मेजर माणसं मोजत मोजत मागे येतो, त्या चेहऱ्यावर हार आहे, पळ नाही. अशांवर दुसरा सिनेमा कुणी काढला सांगा. म्हणून तर मला हा जपावासा वाटतो.

अक्कलकोट रोड, माजी सैनिक
साहनींबद्दल वाद नाही. प्रेमकथेबद्दल आहे, आणि तो मी सोडणार नाही. टाळ्यांचं म्हणाल तर आमच्यात गेलेल्या जवानांसाठी बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजतो तेव्हा कुणी टाळी वाजवत नाही. सावधान उभं राहतात.

होटगी रोड
तुम्ही सावधान उभे राहा काका, तो तुमचा हक्क. आम्ही गणवेश घातला नाही. आमच्याकडं आवाजच आहे, तो आम्ही देणार.