वीज गेल्यानंतर पोस्टग्रेस सुरू होत नाही

प्रश्न: काल अचानक वीज गेल्यापासून माझ्या संगणकावरील पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर टर्मिनलवरून सुरू होत नाही आणि ‘पोस्टमास्टर.पीआयडी’ ही फाइल आधीपासूनच असल्याचा संदेश येतो. ती काढून टाकावी का?

उत्तर: कृपया घाई करू नका. त्या फाइलच्या पहिल्या ओळीत प्रक्रिया क्रमांक, म्हणजे चालू प्रोग्रामला मिळालेला क्रमांक, असतो. तो सध्या कोणत्या प्रोग्रामकडे आहे, हे चालू प्रक्रियांची यादी दाखवणाऱ्या ‘पीएस’ आज्ञेने पाहा. तो पोस्टग्रेसचाच असेल, तर फाइल काढून दुसरा सर्व्हर चालवल्यास एकाच डेटा फोल्डरमध्ये दोघे लिहू लागतील आणि डेटा कायमचा बिघडेल.

प्रश्नकर्ता: तो क्रमांक ब्राउझरचा निघाला.

दुसरे उत्तर: म्हणजे ती फाइल वीज जाण्यापूर्वीची, मागे राहिलेली आहे. मग पोस्टग्रेसची एकही प्रक्रिया उरलेली नाही याची खात्री करून फाइल काढा, सुरू होताना सर्व्हर बदलांच्या स्वतःच्या नोंदवहीवरून अपुरे राहिलेले बदल स्वतःच सावरून घेतो.