खासगी शाळा सोडून शिक्षणसेवक व्हावं का? मदत हवी आहे

पुण्यातल्या खासगी शाळेत नऊ वर्षं पाचवीला गणित शिकवतेय, हातात 31 हजार येतात. आता पवित्र पोर्टलमधून (सरकारची शिक्षक भरतीची वेबसाइट) नंदुरबार जिल्हा परिषदेत निवड झालीय. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन 16 हजार. मग 29,200 मूळ वेतनाची श्रेणी. घराचा हप्ता 11 हजार, नवऱ्याची नोकरी इथेच, मुलगी दुसरीत. शाळेकडे बिनपगारी रजा मागून पाहिली, नाही म्हणाले. पुन्हा टीएआयटी (शिक्षक भरतीची परीक्षा) द्यावी तर वयोमर्यादा संपतेय, म्हणजे ही शेवटचीच गाडी! पेन्शनवर चर्चा नको, ते गणित मी मांडलंय.

रुजू व्हायला पंधरा दिवस उरलेत. मानधन दर महिन्याला येतं की तुंबतं? आणि तिकडून आंतरजिल्हा बदलीने पुण्याकडे प्रत्यक्षात कोणी आलंय का, किती वर्षांनी?