ताटात वाढून मिळालेला मताधिकार म्हणे!

मृदगंध_७२:
काल शाई लावलेलं बोट दाखवणाऱ्या बायकांच्या फोटोखाली 'जुनं खोड' यांनी ज्ञान पाजळलं. इंग्लंडच्या बायका तुरुंगात गेल्या, उपोषणं केली, तेव्हा त्यांना मत मिळालं. आपल्या बायकांना १९५० साली घटनेनं ताटात वाढून दिलं, म्हणून किंमत नाही, नवरा सांगेल ते बटण दाबतात. खाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

काका, १९५० च्या आधी तेहतीस वर्षं मागे चला. डिसेंबर १९१७, मद्रास. भारतमंत्री माँटेग्यूंसमोर सरोजिनी नायडू बायकांचं शिष्टमंडळ घेऊन उभ्या. मागणी एवढीच की मतदार ठरवताना बाई आहे म्हणून वगळू नका. मग मत कुणाला द्यायचं ते ठरवायला साउथबरो समिती आली आणि म्हणाली, इथला समाज सनातनी, बायका पडद्यात, तेव्हा राहू द्या. इथे या गप्प घरी बसल्या असत्या तर तुमचं म्हणणं मान्य केलं असतं. पण मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन १९१९ मध्ये लंडन गाठून संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. (ही मिठन पुढे बॅरिस्टर झाली, मुंबईची शेरीफ झाली. शाळेच्या पुस्तकात कधी वाचलंत?) संसदेनं हात झटकले, ज्या त्या प्रांतानं ठरवावं म्हणाली. म्हणजे प्रत्येक प्रांताच्या कायदे कौन्सिलात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुंबई इलाख्यात १९२१ ला हक्क मिळाला, त्यासाठी रमाबाई रानडे उतरल्या होत्या. तोही फक्त मालमत्ता आणि कराच्या अटीत बसणाऱ्यांना. १९३५ च्या कायद्यानंतरसुद्धा मतदार बायका साधारण ६० लाख आणि पुरुष २ कोटी ९० लाख. याला ताटात वाढणं म्हणतात?

जुनं खोड:
ताई, दोन ओळींवर निबंध! छान. पण अर्ज आणि साक्षी म्हणजे लढा नव्हे. लंडनला बोटीनं जायला पैसा लागतो. तुमच्या यादीत विहिरीवर पाणी भरणारी एक तरी बाई दाखवा. मद्रासच्या खटपटीमागे मार्गारेट कझिन्स, त्या आयरिश. म्हणजे तोही माल आयातच. आणि १९५२ च्या निवडणुकीआधी सुमारे २८ लाख बायकांची नावं याद्यांतून काढावी लागली, कारण नोंद 'अमक्याची बायको, तमक्याची आई' अशी. ज्यांना स्वतःचं नाव सांगवत नव्हतं त्या हक्कासाठी काय लढणार?

घाटमाथा:
काका, नोंदणीवाला दारात आला की बोलतो कुणाशी? ओट्यावर बसलेल्या बाप्याशी. आमच्या आजीचं नाव रेशनकार्डावर आलं तेच आजोबा गेल्यावर. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी 'अमक्याची बायको' ही नोंद चालणार नाही असं ठणकावलं हे बरंच केलं. पुढे बरीच नावं आलीच की यादीत.

तुरुंगच हवा असेल तर मुंबईची रखमाबाई घ्या. १८८७ ला न्यायालयानं सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली तुरुंग चालेल. इंग्लंडातल्या बायकांची अटकसत्रं नंतरची आहेत. आणि तेव्हा केसरी कुणाच्या बाजूनं होता तेही सांगा एकदा.

पर्वती_दर्शन:
आलं का लोकमान्यांवर! कुठलाही धागा असो, तिसऱ्या प्रतिसादात टिळक. त्या माणसानं मंडाल्यात सहा वर्षं काढली, तुम्ही वातानुकूलित खोलीत बसून निकाल देता. १९२० ला पुणे नगरपालिकेत सक्तीच्या शिक्षणाचा वाद झाला तेव्हाही मुद्दा पैशाचा होता. तिजोरीत खडखडाट, म्हणून आधी मुलगे, मग मुली. यात द्वेष कुठे आला?

मृदगंध_७२:
पैसे नेमके मुलींची पाळी आली की संपतात, हा पुण्याचा जुनाच चमत्कार आहे. रमाबाई रानडे बायकांचा मोर्चा घेऊन रस्त्यावर आल्या त्या याच वादात. आणि माझ्या खोलीत पंखा आहे, तोही आवाज करतो.

निळी_पहाट:
दोन्ही बाजूंचं वाचून हसू येतंय. जुन्या खोडांचा एक मुद्दा मी उचलणार, त्यांना आवडणार नाही तरी. १९२१ चं मत जमीनजुमलावाल्या बायकांचं होतं. आमची पणजी त्यात नव्हती. सायमन कमिशनपुढे १९२८ ला सरसकट प्रौढ मताधिकार मागणाऱ्यांत बाबासाहेब होते, बाई-पुरुष भेद न करता. १९४२ ला नागपूरच्या दलित महिला परिषदेला सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, पंचवीस हजार बायका होत्या. घ्या तुमच्या विहिरीवरच्या बायका, काका. फक्त ती विहीर कुणाला खुली होती ते आधी विचारा.

दुसरं. मत देताना कुणाचं काही गेलं नाही. हिंदू कोड बिलात मुलीचा वाटा आला आणि संसदेला घाम फुटला. सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्री असलेल्या बाबासाहेबांना राजीनामा द्यावा लागला. खरी समानता कुठे अडते ते यावरून ओळखा.

कोरडवाहू:
वाट्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. माझ्याकडं पावणेतीन एकर, तेबी खडकाळ. तीन बहिणी. लग्नं मी केली, कर्ज मी फेडतोय, वडलांचं दुखणं मी काढलं. आता दाजी म्हणतात सातबाऱ्यावर नाव लावा. ह्यात क्रांती कुठंय? प्लॉटिंगचा भाव वाढला म्हणून आठवण झाली. शहरात बसून समानता लिहिणं सोपंय.

सही_केली_मी:
दादा, तुमचं दुःख खरं असेल. माझी गोष्ट ऐका. बाबांचं वर्षश्राद्ध झालं, जेवणं उरकली आणि भाऊ म्हणाला, जरा गाडीत बस, ऑफिसात जाऊन येऊ. दुय्यम निबंधकाच्या दारात पोचल्यावर कळलं की हक्कसोडपत्र आहे. आई म्हणाली, सही कर, माहेर तुटायला नको. केली. आईचं शेवटचं आजारपण माझ्याच घरी निघालं, ते कुठल्या कागदावर नाही. दर भाऊबीजेला साडी येते. तुम्ही तुमच्या बहिणींना कधी सरळ विचारलंत का, त्यांना काय हवंय? दाजींना नाही, त्यांना.

मांडवीकाठ:
आमच्या गोंयात हा प्रश्नच नाही. पोर्तुगीज नागरी कायद्यापासून मुलीला भावाइतका वाटा, बापाला ठरावीक हिस्सा तोडताच येत नाही, नवरा-बायकोत निम्मं निम्मं. महाराष्ट्रानं शिकावं.

काळा_कोट:
प्रश्नच नाही? मांडवीकरबाब, जुन्या कायद्यात निम्मी मालकी बायकोची असली तरी कारभार नवऱ्याच्या हातात होता. आणि हक्क सोडल्याचे दस्त तुमच्याकडेही होतात. त्या दिवशी नोटरीकडे गर्दी कुणाची असते ते पाहून या. उरलं मत: पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राज्यात ते ना बायकांचं खरं होतं ना पुरुषांचं. गोव्यानं विधानसभेसाठी मोकळेपणानं पहिलं मत दिलं ते डिसेंबर १९६३ मध्ये.

बाकीच्यांसाठी: महाराष्ट्रानं १९९४ लाच वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ ला हिंदू वारसा कायद्यात केंद्राची दुरुस्ती आली, २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ती दुरुस्ती आली त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानं आहे. आधीच रीतसर वाटणी झाली असेल तर गोष्ट वेगळी. आणि कोरडवाहू, कर्ज हा वेगळा हिशेब आहे, तो मांडा की वाटणीत. बहिणीचं नाव गाळणं हे त्याचं उत्तर नव्हे.

कोरडवाहू:
वकीलसाहेब, वाटणीचा दावा लढवायचा तर आधी तुमची फी द्यायला एक एकर विकावं लागंल. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी चांदवडच्या अधिवेशनात १९८६ ला लाखावर बायका जमवल्या, नंतर लक्ष्मीमुक्ती काढली, नवऱ्यानं बायकोच्या नावावर जमीन करायची. आमच्या वडलांनी आईच्या नावावर वीस गुंठे केले होते. तेवढंच. तेबी गावानं हसून घेतलं. म्हणजे मी काय अगदी रानटी नाही. बहिणींना विचारतो म्हणा. पण विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची, ते कोण सांगणार?

पर्वती_दर्शन:
धागा टिळकांवरून विहिरीच्या पाळीवर आला. उत्तम चाललंय.

घाटमाथा:
टिळक तुम्हीच धरून बसलात. मी केसरी म्हटलं होतं.

जुनं खोड:
ठीक आहे, 'ताटात' शब्द मागे घेतो. 'ताटाशेजारी' म्हणू, खूश? हेराबाईंचं ठाऊक नव्हतं, वाचेन. पण नवरा सांगेल ते बटण दाबणाऱ्या बायका मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत, मतदान केंद्रावर ड्युटी केली आहे. त्यावर कुणीच बोललं नाही.

सही_केली_मी:
ड्युटी केलीत म्हणजे मत गुप्त असतं हेही ठाऊक असेल. ती कुठलं बटण दाबते ते नवऱ्याला कळत नाही, तर तुम्हाला कुठून कळलं? आमच्या सासूबाई तीस वर्षं सासऱ्यांना 'हो' म्हणून भलतीकडेच मत देत आल्या. हे त्यांनी मला सांगितलं, मुलाला नाही.

मृदगंध_७२:
या सासूबाईंना नमस्कार सांगा. काका, एक राहिलंच. तुमच्या बहिणीचं नाव आहे का वाड्याच्या उताऱ्यावर?

जुनं खोड:
वैयक्तिक प्रश्नांना मी उत्तरं देत नाही.

काळा_कोट:
कळलं.